देव लढेल, पण धावा कोण काढणार?

३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्या आणि ३३९ चं टार्गेट आपल्या पोरींनी पार केलं, तोपर्यंत सगळे एकाच सुरात नाचत होते. मग ती माईकसमोर आली, रडत रडत म्हणाली की हे मला एकटीला जमलंच नसतं, येशूचे आभार, आईबाबांचे आभार, कोचचे आभार, आणि शेवटी शेवटी अंगात ताकद उरली नव्हती तेव्हा मी बायबलमधलं एक वचन मनात म्हणत होते, की तू फक्त शांत उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल. झालं! मॅच राहिली बाजूला आणि लोक देवावर घसरले. एक गट म्हणे देवाने जिंकवलं तर नेट प्रॅक्टिस कशाला करता, आणि तिचे झेल सुटले ते कुठल्या देवाने सोडायला लावले, ऑस्ट्रेलियाच्या पोरींचा देव तेव्हा झोपला होता का. दुसरा गट म्हणे मैदानावर धर्म आणू नका (यातल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या कुणी मैदानावर हात जोडले की भरून येतं, ते सोडा). आणि तिसरा गट, जो मला सगळ्यात जास्त खटकला, तो म्हणे बघा ही श्रद्धेची पॉवर, तुम्ही पण विश्वास ठेवा, तुमचंही सगळं होईल.

तिन्ही गट एकच गोष्ट धरून बसलेत, ती म्हणजे निकाल. देवाने निकाल लावला की नाही लावला, एवढाच प्रश्न. माझं म्हणणं असं आहे की संकटात देवावर टाकलेला भरवसा हा निकालाबद्दल नसतोच, निदान जो भरवसा शूर म्हणावा असा असतो तो तरी नसतो. समोर आपल्यापेक्षा दसपट मोठं काहीतरी उभं आहे, आपण हरणार असंच सगळं सांगतंय, आणि तरी जे करायला हवं त्यासाठी माणूस पाऊल उचलतो, त्या पावलात तो भरवसा असतो. पुढे जिंकला की हरला हा वेगळा विषय. त्याच वर्ल्ड कपमध्ये जेमिमा दोनदा शून्यावर आऊट झाली होती, एका मॅचला टीममधून बाहेर बसली होती, फायनलला २४ वर गेली. देव तोच, प्रार्थना करणारी पण तीच. मग १२७ चं श्रेय देवाला द्यायचं तर त्या दोन शून्यांचं कुणाला? तिसऱ्या गटाकडे याला उत्तर नाही आणि पहिल्या गटाला वाटतं की हा प्रश्न विचारला म्हणजे श्रद्धाच संपली. दोन्ही चूक.

आधी ते वचनच बघू, कारण ते अर्धंच फिरलं. ते निर्गम नावाच्या पुस्तकातल्या १४ व्या अध्यायातलं आहे. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेली गुलाम माणसं, बायकापोरं गुरंढोरं सगळं घेऊन निघालेली, पुढे समुद्र आणि मागे तिथल्या राजाचे, फारोचे, ६०० निवडक रथ. लोक त्यांच्या नेत्यावर, मोशेवर, ओरडतात की मिसरात काय कबरी कमी होत्या म्हणून इथे मरायला आणलंस? (हा टोमणा मला कायम आवडतो, तीन हजार वर्षांपूर्वीचा नेता पण शिव्या खातच होता.) तेव्हा मोशे म्हणतो, घाबरू नका, शांत राहा, देव तुमच्यासाठी लढेल. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण लगेच पुढच्याच वाक्यात देव मोशेला म्हणतो, माझ्याकडे ओरडतोस काय, लोकांना सांग पुढे चला! म्हणजे शांत राहायचं ते मनातून, पाय मात्र चालते ठेवायचे, आणि तेही समुद्राच्या दिशेने. आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणतात ना, त्याच्या बरोब्बर उलट. जेमिमा ते वचन म्हणत होती तेव्हा पिचवर शांत उभी नव्हतीच, एकेरी दुहेरी काढत पळत होती. तिला त्या वचनाचा अर्थ तिच्यावर वाद घालणाऱ्यांपेक्षा बरा कळला होता असं मला वाटतं.

याच बायबलमध्ये याहून भारी आणि कमी माहीत असलेली एक गोष्ट आहे, पहिला शमुवेल नावाच्या पुस्तकाच्या १३ आणि १४ व्या अध्यायात. शौल हा इस्राएलाचा राजा आहे, समोर शेजारच्या पलिष्ट्यांचं प्रचंड सैन्य, रथ, घोडदळ. शौलाकडे सुरुवातीला ३००० माणसं होती, घाबरून पळून पळून ६०० उरली. त्यात गंमत अशी की पलिष्ट्यांनी त्या अख्ख्या देशात लोहारच ठेवला नव्हता, नांगराच्या फाळाला धार लावून आणायला सुद्धा शत्रूच्याच दारात जायचं, आणि लढाईच्या दिवशी तलवारी किंवा भाले फक्त दोघांकडे, राजाकडे आणि त्याच्या मुलाकडे, योनाथानाकडे. शौल डाळिंबाच्या झाडाखाली बसलाय, सोबत याजक म्हणजे पुजारी आहे, म्हणजे धार्मिक बंदोबस्त चोख आहे. आणि योनाथान बापाला न सांगता आपल्या शस्त्रवाहकाला म्हणतो, चल, पलीकडे त्यांच्या चौकीवर जाऊ, कदाचित देव आपल्यासाठी काहीतरी करेल, थोड्या माणसांनी सोडवायचं की पुष्कळ माणसांनी, देवाला त्याचं काही अडत नाही.

यातलं दुसरं अर्धं सगळे प्रवचनकार सांगतात. पहिलं अर्धं गिळतात. तो म्हणतोय कदाचित! देवाच्या ताकदीबद्दल त्याला शंका नाही, पण आज, इथे, माझ्यासाठी देव ती ताकद वापरेलच, असा त्याचा दावा नाही. आणि एवढ्या कदाचितवर तो हातापायांनी रांगत कडा चढतो. वर जाऊन दोघं मिळून वीसेक जणांना पाडतात, छावणीत घबराट पसरते आणि बाजू फिरते. चढायच्या आधी तो एक कौल पण लावतो, आपण कोकणात देवाला लावतो तसा, की ते ‘वर या’ म्हणाले तर जायचं, ‘थांबा, आम्ही येतो’ म्हणाले तर नाही. नास्तिक मित्र इथे हसतील, पण जरा विचार करा, जो शत्रू खाली उतरायला तयार आहे तो सावध आहे आणि जो वरून हसत ‘या या वर’ म्हणतो तो गाफील आहे. हा कौल अंधश्रद्धेचा कमी आणि डोक्याचा जास्त वाटतो मला.

आता त्याच दिवशी, त्याच लढाईत, बाप काय करतो ते बघा. लढाई जिंकायला लागल्यावर शौल सगळ्या सैन्याला शपथ घालतो की संध्याकाळपर्यंत जो कुणी अन्नाला तोंड लावेल तो शापित. देवाच्या नावाने. माणसं भुकेने कोसळायला आलीत. योनाथानाला हे माहीतच नाही, तो रानात दिसलेला मध काठीच्या टोकाने चाटतो आणि त्याच्या डोळ्यात जीव येतो. कुणीतरी त्याला शपथेचं सांगतं तेव्हा तो सरळ म्हणतो की माझ्या बापाने लोकांना उगाच त्रासात टाकलंय, पोटात काही असतं तर अजून मोठा विजय झाला असता. आणि शौल या मधासाठी स्वतःच्या मुलाला मारायला निघतो, शेवटी सैनिक मध्ये पडून त्याला वाचवतात. दोघांच्या तोंडी देव एकच. फरक एवढाच की एकाच्या श्रद्धेची किंमत तो स्वतः मोजतोय, स्वतःच्या गुडघ्यांनी, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची किंमत उपाशी सैनिक मोजतायत. श्रद्धा शूर आहे की नुसती जोरकस, हे ओळखायला मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

मान्य, ही प्राचीन ग्रंथातली गोष्ट आहे, इतिहासाचा पुरावा नाही. आणि मोठा आक्षेप असा की अशा गोष्टी जिंकलेल्यांच्याच उरतात, कदाचित म्हणत कडा चढून खाली पडलेले शंभर योनाथान कोण लक्षात ठेवणार? आक्षेप दमदार आहे. पण गंमत म्हणजे ते पुस्तक स्वतःच हे लपवत नाही. हाच योनाथान पुढे गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांच्याच हातून मारला जातो, बाप आणि दोन भाऊ पण त्याच दिवशी जातात. तिथे कुणी असं लिहिलेलं नाही की त्या दिवशी त्याची श्रद्धा कमी पडली. श्रद्धा म्हणजे विमा पॉलिसी असं समजणाऱ्यांनी दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ वाचावेत.

आणि पुराव्याचं म्हणाल तर पुराणकाळात जायची गरजच नाही. अमेरिकेत अलाबामात माँटगोमेरी नावाच्या शहरात ५ डिसेंबर १९५५ पासून काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला होता, कारण गोऱ्यासाठी सीट सोडायला लागायची. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा तिथे नवखा पाद्री, नुकताच २७ वर्षांचा झालेला, घरात दोन अडीच महिन्यांची पोरगी. धमक्यांचे फोन रोजचेच. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री उशिरा असाच एक फोन आला, की शहर सोड नाहीतर तुझं घर उडवू. त्याची झोप उडाली, किचनमध्ये जाऊन कॉफी केली आणि तो विचार करत बसला की भित्रा न दिसता यातून अंग कसं काढून घेता येईल. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. मग तिथेच टेबलावर डोकं टेकून प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेत मला यश दे वगैरे काही नाही, मी कमकुवत पडतोय, माझं धैर्य संपलंय, एवढंच. त्याला आतून वाटलं की न्यायासाठी उभा राहा, मी सोबत आहे. तीनच दिवसांनी, ३० जानेवारीला, त्याच्या घरावर खरोखर बॉम्ब पडला, बायको आणि बाळ आत होतं, थोडक्यात वाचले. देवाने बॉम्ब थांबवला नाही. बाहेर चिडलेला जमाव जमला, काहींच्या हातात हत्यारं होती, आणि हा माणूस ओसरीवर उभा राहून त्यांना घरी पाठवतो.

आता सांगा, त्या रात्रीच्या प्रार्थनेला पळवाट म्हणायचं? पळवाट तर तो प्रार्थनेच्या आधी शोधत होता. प्रार्थनेनंतर ती बंद झाली. बहिष्कार ३८१ दिवस चालला, लोक कामाला पायी गेले, शेकडो गाड्यांची शेअरिंगची सोय चर्चच्या पार्किंगमधून चालायची, वकील कोर्टात लढत होते, बायकांनी बहिष्काराच्या आधीच रातोरात हजारो पत्रकं छापून वाटली होती. शेवटी निकाल सुप्रीम कोर्टाने दिला. मग जिंकलं कोण, वकील की देव? हा प्रश्नच येडपट आहे. वकील कोर्टात केस लढू शकतो, पण पन्नाशीच्या मोलकरणीने वर्षभर रोज पायी का जायचं हे तो सांगू शकत नाही. त्या बाईला ते उत्तर बुधवारच्या नाहीतर रविवारच्या प्रार्थनेत मिळत होतं.

बरं, दुसरा आक्षेप याहून कडू आहे. अशी श्रद्धा माणसं मारते. १९०५ साली आजच्या टांझानियात तेव्हाच्या राज्यकर्त्या जर्मनांनी लोकांना सक्तीने कापूस लावायला लावला, त्याविरुद्ध उठाव झाला, आणि किंजिकितिले नावाच्या एका माणसाने लोकांना मंतरलेलं पाणी दिलं की याने जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल. माणसं मशीनगनसमोर चालत गेली. गोळ्यांचं पाणी झालं नाही. त्यानंतर जर्मनांनी पिकं जाळली आणि लढाईपेक्षा भुकेने जास्त मेले, लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्तच. इथे मोठ्या तोंडाने श्रद्धेची पॉवर म्हणणाऱ्याने जरा गप्प बसावं. त्या माणसांच्या हिंमतीत काही कमी नव्हतं, आणि त्यांचं भांडणही शंभर टक्के खरं होतं. पण त्यांना जे दिलं गेलं ती हमी होती. योनाथानाचं कदाचित काढून टाका आणि तिथे नक्की घाला, की त्याचं हे पाणी होतं. आजही कुणी बाबा किंवा पास्टर किंवा मौलवी तुम्हाला म्हणत असेल की औषधं बंद करा, केमो सोडा, देव बरा करणारच, तर तो तेच पाणी विकतोय, आणि मरणार तुम्ही, तो नाही. अशा माणसाविरुद्ध कायदा असावा, महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तो बरंच झालं, फक्त त्यासाठी डॉक्टर दाभोलकरांना जीव द्यावा लागला ही लाज आपली.

आणि दाभोलकरांचं नाव निघालं म्हणून तिसरा आक्षेप, जो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. हिंमतीला देव लागतोच कशाला? दाभोलकरांना धमक्या येत होत्या, ते कुठलाही देव न मानता सकाळी फिरायला बाहेर पडतच राहिले. भगतसिंगाने तर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात बसून स्वच्छ लिहून ठेवलं की आस्तिकाला पुढच्या जन्मी राजा व्हायची किंवा स्वर्गाची आशा असते, माझ्या गळ्यात दोर आवळला गेला की तो शेवटचा क्षण, पुढे काही नाही, आणि मी तरी जातोय. यापुढे काय बोलणार? मी तरी बोलत नाही. ज्याला देवाशिवाय तिथवर जाता येतं त्याला माझा नमस्कार, त्याला कुणी देव शिकवायला जाऊ नये. पण यावरून श्रद्धावान माणूस म्हणजे बक्षिसासाठी धावणारा, असं काढणं बरोबर नाही. किंगच्या किचनमध्ये स्वर्गाचा विषयच नव्हता, उद्या सकाळी उठून मीटिंगला जायचं की नाही हा विषय होता. आणि खरं सांगू का, भगतसिंग फार थोडे असतात. आपल्यासारख्या बाकीच्यांची फाटते. फाटलेल्या अवस्थेत माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, आणि बोलून तो उठून कामाला लागत असेल तर त्याला दुबळा म्हणणारे आपण कोण? जो घाबरलाच नाही त्याचं आणि जो घाबरून उठला त्याचं मोजमाप एका पट्टीने होत नाही.

आता शेवटचा आक्षेप, तो बाहेरचा नाही, आपल्या घरचा आहे. चोखोबाने विठोबावर भरवसा ठेवला, आयुष्यभर ठेवला. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम करताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली तो गेला. त्याची समाधी पंढरपूरला देवळाच्या बाहेर, महाद्वारासमोर. आणि त्याच्या जातीची माणसं त्यानंतर सहाशे वर्षं बाहेरच उभी राहिली. बाबासाहेबांनी २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, वर्षानुवर्षं तो चालला, माणसांनी मार खाल्ला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. जो देव सहाशे वर्षांत दार उघडत नाही त्याच्यावर कसला भरवसा? याला मी उत्तर देणार नाही, द्यायचा मला हक्कही नाही. फक्त एक विचारतो, ‘थांबा, देव बघून घेईल’ हे सांगत कोण होतं? बहुतेक वेळा ज्यांना थांबण्याने काहीच तोटा नव्हता ते. १९६३ मध्ये अलाबामातल्याच बर्मिंगहॅमला आठ गोऱ्या धर्मगुरूंनी किंगला हेच सुनावलं, जरा सबुरीने घ्या, आणि त्याने तुरुंगातून उत्तर लिहिलं की आमच्यासाठी ‘थांबा’चा अर्थ जवळजवळ नेहमी ‘कधीच नाही’ असाच निघालाय. दुसऱ्याला थांब म्हणणारी श्रद्धा ही शौलाची श्रद्धा. तिला लाथ घातली तर मी टाळी वाजवेन.

पण मग पंढरपूरलाच एक वेगळा माणूस पण आला. साने गुरुजी. स्वतः ब्राह्मण, देव मानणारे, तब्येतीने तोळामासा, आणि विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून १ मे १९४७ ला उपोषणाला बसले. कुठे? पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात. समोर बडवे, सनातनी, कायद्याचे कज्जे. वर खुद्द गांधीजींची तार की उपोषण सोडा, कारण त्यांना भलतंच काहीतरी कळवलं गेलं होतं. ज्याला देवाखालोखाल मानतो तोच थांब म्हणतोय, आणि तरी हा माणूस नम्रपणे नाही म्हणून उपाशी राहतो. १० मेला उपोषण सुटलं, दार उघडायचं ठरलं आणि पुढे उघडलंही. आता बघा, त्या वादात दोन्ही बाजूंनी विठोबाचंच नाव घेतलं जात होतं. एका बाजूचं म्हणणं होतं की महाराचा स्पर्श झाला तर देव बाटेल. ज्याचा देव माणसाच्या हाताने बाटतो, त्याचा देवाच्या सामर्थ्यावर विश्वास तो किती? मला तर वाटतं त्या दहा दिवसांत पंढरपुरात देवाच्या ताकदीवर खरा भरवसा त्या उपाशी मास्तराचाच होता.

अर्थात तोवर उशीर झालेला होता. येवल्याच्या घोषणेला बारा वर्षं होत आली होती, आणि ज्यांच्यासाठी ते दार उघडलं त्यातले लाखो लोक १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जमले, देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली आणि घरी जाऊन देवघरातल्या मूर्ती काढून टाकल्या. गावोगावी त्याची किंमतही त्यांनीच मोजली, बाबासाहेब तर पुढच्या पावणेदोन महिन्यांत गेले. ते पाऊल देवाच्या नावाने नव्हतं, देवाला बाजूला सारून होतं, आणि माझ्याच कसोटीला लावलं तर ते योनाथानाच्या बाजूला बसतं, शौलाच्या नाही. माझ्यासारख्या देव मानणाऱ्याला हे गैरसोयीचं आहे खरं.